यादीबाहेरचं गाणं

ग्रीन डे या अमेरिकन बँडचं ‘बास्केट केस’ हे गाणं १९९४ साली अमेरिकेत जिथे तिथे वाजत होतं. तिथल्या मॉडर्न रॉक गाण्यांच्या यादीत ते पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. ते ज्या ‘डूकी’ अल्बममधलं, त्याच्या एकट्या अमेरिकेत पुढे एक कोटीवर प्रती खपल्या. तरीही बिलबोर्ड या संगीत नियतकालिकाच्या ‘हॉट हंड्रेड’ या मुख्य यादीत हे गाणं कधी आलंच नाही. शंभरावंसुद्धा नाही. तेव्हा नियम असा होता की जे गाणं सुटं, सिंगल म्हणून दुकानात विकायला असेल तेच मोजायचं. कंपनीने अमेरिकेत हे गाणं सुटं काढलंच नव्हतं. हवं असेल त्याने सगळा अल्बम घ्यायचा. हा नियम १९९८ च्या डिसेंबरात बदलला, पण तोवर ‘बास्केट केस’ची वेळ निघून गेली होती. ब्रिटनमध्ये मात्र सिंगल निघालं. पहिल्यांदा ते पंचावन्नाव्या क्रमांकावरच थांबलं आणि १९९५ च्या जानेवारीत पुन्हा काढलं तेव्हा सातव्यावर गेलं.

गाणं तेच, तीन मिनिटांचं. एका यादीत पहिलं, एकीत सातवं आणि एकीत मुळीच नाही. हा विचार माझ्या मनात अनेक वर्षं घोळतो आहे, कारण मी भुसावळचा आहे आणि भुसावळ काय गातं हे आजवर कोणी मोजलेलं नाही.

आमच्या गावात नवी वस्तू स्टेशनातून येते. मुंबई, नागपूर, खांडवा, सुरत, चारी दिशांच्या गाड्या इथे थांबतात आणि गाडी चालवणारी, झेंडी दाखवणारी, इंजिनं दुरुस्त करणारी माणसं इथेच राहतात. रेल्वे कॉलनीत एखाद्या क्वार्टरमध्ये मुंबईची कॅसेट आली की दोन दिवसांत तिची आणखी एक प्रत पलीकडच्या लाइनीत पोचलेली असायची. इंग्रजी गाणं हे भुसावळला काही नवल नव्हतं. एकेकाळी इंजिनं चालवणारी अँग्लो-इंडियन कुटुंबं इथे बरीच होती. पुढे त्यांतली बहुतेक ऑस्ट्रेलियाला, इंग्लंडला गेली. मागे राहिलं ते लिम्पस क्लबसारखं, आता नुसत्या वस्तीचं झालेलं एखादं नाव, आणि चर्चमध्ये रविवारी वाजणारी गिटार. ‘डूकी’ची कॅसेट माझ्यापर्यंत आली ती कॉलनीतल्या एका थोरल्या मुलाकडून. त्याने ती मुंबईला कॉलेजात असताना भरून आणली होती. तिच्यावर बॉलपेननं फक्त बँडचं नाव लिहिलेलं होतं.

मला ‘बास्केट केस’मधले सगळे शब्द कळत नव्हते, पण गाणं कळत होतं. बँडचा गायक बिली जो आर्मस्ट्राँग याने ते लिहिलं तेव्हा त्याला अचानक भीतीचे झटके यायचे. छाती धडधडायची, आपण वेडे होतो आहोत असं वाटायचं. हा एक आजार आहे आणि त्याला नाव आहे, हे त्याला नंतर समजलं. बारावीच्या वर्षी, मे महिन्यात पारा शेहेचाळिसाला टेकलेला असताना, रात्री गच्चीवर झोपलेल्या घरादारात मी एकटा जागा असायचो आणि माझीही छाती अशीच धडधडायची. घरात हे कोणाला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? ‘अभ्यासाचं टेन्शन घेतो पोरगा’, एवढ्यावर विषय संपायचा. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचा एक मुलगा हीच गोष्ट मोठ्याने, धावत्या ठेक्यावर, लाज न बाळगता ओरडून सांगतो आहे, याचा मला केवढा आधार होता! तो आधार आजही मी विसरलेलो नाही.

ग्रीन डेच्या, पॉप पंक म्हणतात त्या संगीताचं व्याकरण फार थोडकं आहे. गिटारवर ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात त्यात खरं तर दोनच सूर असतात, षड्ज आणि पंचम. आपल्या तंबोऱ्यात घुमतात तेच. मधला गंधार काढून टाकलेला असतो. गंधार शुद्ध लागला तर कॉर्ड प्रसन्न वाटते, कोमल लागला तर उदास. तोच नसला की कॉर्ड ना हसरी ना रडवी, नुसती ताकद उरते. मग हसायचं की रडायचं हे गाणाऱ्याचा गळा ठरवतो. चर्चमध्ये गिटार वाजवणाऱ्या एका मित्राने मला हे दोन सूर एका दुपारी दाखवले. दोन बोटं एका ठरलेल्या अंतरावर धरायची आणि तोच हात वरखाली सरकवत राहायचं. वर्षानुवर्षांचा रियाज नसलेल्या मुलालाही यातून गाणं करता येतं. पंकला कोणी कमी लेखलं ते याच कारणासाठी, आणि मला ते मोठं वाटतं तेही याच कारणासाठी. ज्याच्याजवळ गुरू नाही, घराणं नाही, महागडं वाद्य नाही, त्याच्यासाठी एक दार त्या मुलांनी उघडं ठेवलं.

ती मुलं कुठली, हे नंतर वाचलं तेव्हा मला आनंद झाला. आर्मस्ट्राँग वाढला तो कॅलिफोर्नियातल्या रोडिओ नावाच्या लहानशा गावात. तिथे एक तेलशुद्धीकरणाचा मोठा कारखाना आहे. वडील ट्रक चालवायचे आणि जॅझ वाजवायचे. हा दहा वर्षांचा असताना ते गेले. आई हॉटेलात वाढप्याचं काम करायची. बँडच्या आधीच्या अल्बममध्ये ‘क्रिस्टी रोड’ नावाचं एक गाणं आहे. क्रिस्टी रोड म्हणजे मार्टिनेझ गावाजवळचा, रेल्वेलाइनीच्या कडेचा रस्ता. घरात जीव रमेना की ही मुलं तिथे रुळांजवळ जाऊन बसायची. यार्डाच्या कडेला बसून मालगाडीचे डबे मोजत ज्याचं पोरपण गेलं आहे त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. दीपनगरच्या वीजकेंद्राची धुराडी, वरणगावचा दारूगोळ्याचा कारखाना, आमचं यार्ड आणि त्यांचा तेलाचा कारखाना. मोठ्या शहरांना लागणाऱ्या वस्तू जिथे तयार होतात त्या गावांतली मुलं रात्री सारख्याच तऱ्हेने कंटाळतात, असं मला वाटतं.

पुन्हा याद्यांकडे वळतो. गाण्यांची यादी करायची कल्पना आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये जवळजवळ एकाच वेळी रुजली. लंडनच्या ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ने ब्रिटनमधली पहिली विक्रीची यादी छापली ती १४ नोव्हेंबर १९५२ ला. तिच्यासाठी पर्सी डिकिन्स या माणसाने वीसेक दुकानांना टेलिफोन करून कुठली रेकॉर्ड किती खपली ते विचारलं होतं, एवढाच तिचा पाया. त्यानंतर तीन आठवडेही झाले नसतील, तोच ३ डिसेंबर १९५२ ला रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. त्या वर्षी बी. व्ही. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले होते आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार होत होती. मग ऐकणाऱ्यांनी सुई फिरवून सिलोन गाठलं. सुरुवातीला निवेदक अमीन सायानी सात गाणी उलटसुलट लावायचे आणि श्रोत्यांनी ती योग्य क्रमाने लावून पाठवायची, असा खेळ होता. पहिल्या कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली. वर्षभरात हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला. एवढी पत्रं मोजणं अशक्य झालं तेव्हा १९५४ पासून कार्यक्रमाची खरी हिट परेड झाली. दुकानांतली विक्री आणि श्रोतासंघांची मतं यांवरून गाण्यांच्या पायदानी ठरू लागल्या. अमीन सायानी २० फेब्रुवारी २०२४ ला गेले. त्या दिवशी मला त्यांचा आवाज जेवढा आठवला तेवढीच माझ्या वडिलांची पाठ आठवली. नाइट ड्यूटी नसलेल्या बुधवारी आठ वाजता ते रेडिओला कान लावून, आमच्याकडे पाठ करून बसलेले असायचे.

त्या यादीचा मला आदर आहे. १९५७ हे ‘मदर इंडिया’, ‘प्यासा’ आणि ‘नया दौर’चं वर्ष. त्या वर्षी गीतमालेत सगळ्यांत वर गेलं ते ‘जनम जनम के फेरे’ या साध्यासुध्या धार्मिक चित्रपटातलं, एस. एन. त्रिपाठींनी चाल दिलेलं गाणं. मोठी नावं, मोठं भांडवल बाजूला राहिलं आणि लोकांनी आपल्या मनाचं केलं. यादी प्रामाणिक असली की असं होतं.

पण त्या यादीतही एक दार बंदच होतं. जिच्या नावाने आज जळगावचं विद्यापीठ ओळखलं जातं ती बहिणाबाई चौधरी वारली ३ डिसेंबर १९५१ ला, गीतमाला सुरू झाली त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, त्याच तारखेला. असोद्याची ही शेतकरी बाई, तिला लिहितावाचता येत नव्हतं. तिच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी उतरून ठेवल्या, आचार्य अत्र्यांनी त्या वाचून प्रस्तावना लिहिली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. पुढे १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांनी तिच्या ओळींना चाल लावली आणि त्या घराघरांत गेल्या. केळीच्या बागेत, जात्यावर, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, आमच्या भागात या ओळी ज्याला येत नाहीत असा माणूस मला भेटलेला नाही. गीतमालेची कुठलीच पायदान त्यांच्या वाट्याला येणार नव्हती. तो कार्यक्रम हिंदी सिनेमाचा होता, यात कोणाचा दोष नाही. पण देशभर हिशेब ठेवणारी वही एकच होती आणि तिच्यात खान्देशच्या बोलीसाठी रकाना नव्हता.

मराठी गाण्यांचा हिशेब मग कुठे लागत होता? माझं उत्तर आहे: कॅसेट भरून देणाऱ्या दुकानात. ऐंशी-नव्वदच्या दशकात भुसावळच्या बाजारात अशी दुकानं होती. कोरी कॅसेट आणि कागदावर लिहिलेली गाण्यांची नावं देऊन यायचं आणि चार दिवसांनी जायचं. ए बाजूला इतकी, बी बाजूला इतकी, शेवटी जागा उरली तर दुकानदार आपल्या पसंतीचं एखादं टाकायचा. काउंटरवर लांबट वही असायची. कोणी काय मागितलं, पैसे दिले की बाकी, सगळं तिच्यात. कायद्याच्या दृष्टीने हा धंदा चोरीचा होता आणि गाणाऱ्याला त्यातून दमडी मिळत नव्हती, हे खरंच वाईट होतं. पण त्या वहीत जे गाव दिसायचं ते दुसरीकडे कुठेच दिसलं नसतं. प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं आणि किशोरकुमार एकाच कॅसेटवर. एका बाजूला भीमगीतं, दुसऱ्या बाजूला कव्वाली. तमिळ गाणी, कारण लोको शेडमध्ये दक्षिणेकडचे लोक होते. सप्तशृंगीची गाणी चैत्राच्या आधी. मधूनच एखादं इंग्रजी नाव, मराठी अक्षरांत, दुकानदाराला वाचता यावं म्हणून. न्यू म्युझिकल एक्सप्रेसने वीस दुकानांना फोन लावला होता. त्यातला एक फोन भुसावळच्या बाजारात आला असता तर काय सांगितलं गेलं असतं, याचा विचार करताना मी अजूनही रमतो.

त्या वह्या गेल्या. सीडी आली, मग मालेगावात तयार झालेल्या विनोदी सिनेमांच्या व्हीसीडी हातगाडीवर आल्या, मग मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळू लागलं. प्रत्येक वेळी गाणी वाढली आणि हिशेब आणखी पुसट झाला.

आणि मग एक गोष्ट झाली जिची मी कल्पना केली नव्हती. अहिराणी गाण्यांना आकडे मिळाले. भुसावळ तसं अहिराणीच्या पूर्व सीमेवरचं गाव. यावल-रावेरकडे लेवा बोली ऐकू येते आणि अहिराणीचा खरा मुलूख अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, धुळे असा पश्चिमेला पसरलेला. तरी बाजारात, बसमध्ये, लग्नात ती आमच्या कानावर रोजच असते. काही वर्षांपूर्वी अण्णा सुरवाडे यांचं ‘बबल्या इकस केसावर फुगे’ आलं. आमच्याकडे गल्लीतून फुगेवाला फिरतो, बायकांनी विंचरून जपून ठेवलेले केस घेतो आणि पोराला फुगा देतो. पिढ्यान्‌पिढ्या चाललेला हा व्यवहार कोणाच्या कवितेत आला नव्हता. तो थेट गाण्यात आला आणि बघता बघता महाराष्ट्रभर पसरला. त्यानंतर सचिन कुमावत यांच्या चॅनेलवरचं, विनोद कुमावत यांनी पडद्यावर रंगवलेलं ‘हाई झुमका वाली पोर’ आलं. तेही कोट्यवधी वेळा ऐकलं-पाहिलं गेलं. ज्यांना अहिराणीचा एक शब्द येत नाही अशी पुण्या-मुंबईची मुलं त्यावर नाचली.

या गाण्यांबद्दल नाक मुरडणारी माणसं मला भेटतात. चाल साधी आहे, शब्द उथळ आहेत, सगळ्यात पोरगी आणि तिचे दागिने. यातलं काही खरं आहे. पण हेच शब्द पॉप पंकबद्दलही वापरले गेले होते. तिथेही विषय पोरगी, कंटाळा, गाव आणि आपण. तिथेही थोडी साधनं, घरात किंवा गॅरेजात केलेला सराव आणि आवाजात शहराचं पॉलिश नसणं. मला महत्त्वाचं वाटतं ते असं की सुरवाडे किंवा कुमावत यांनी यादीत शिरण्यासाठी बोली बदलली नाही. शिकल्यासवरल्या घरांत मुलांना ‘घरातलं बोलणं शाळेत नको’ म्हणून दटावणारा आमचा भाग. त्याच बोलण्याला आता कोटीचा आकडा चिकटला. परक्या गावात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या खान्देशी मुलाला या आकड्याचं काय वाटत असेल याचा अंदाज मी करू शकतो. सुरतच्या कापड गिरण्यांत, नाशिकच्या कारखान्यांत, कल्याणच्या चाळींत आमची माणसं पसरलेली आहेत. त्या कोट्यवधींतले पुष्कळ कान तिथले असणार, अशी माझी खात्री आहे.

अधिकृत याद्यांना मात्र अजून हे ऐकू येत नाही. भारतातल्या संगीत कंपन्यांच्या संघटनेने २०२१ च्या जूनमध्ये पहिली अधिकृत साप्ताहिक यादी सुरू केली, ती परदेशी गाण्यांची. वीस गाणी, सगळी बाहेरची. पुढच्या वर्षी बिलबोर्डने भारतासाठी पंचवीस गाण्यांची यादी काढली. त्यात मोजतात ते मुख्यतः ऑनलाइन ऐकणं. हळदीच्या मांडवात, ट्रॅक्टरवर, वरातीत वाजलेलं गाणं कुठल्याच मोजणीत येत नाही. आणि खान्देशात गाण्याचा खरा निकाल तिथेच लागतो.

लग्नसराईत जामनेर रोडला उभं राहिलं की एका रात्रीत चार वराती दिसतात. चारचाकी गाड्यावर रचलेले स्पीकर, कॅसिओ, ऑक्टोपॅड, माइक धरलेला गायक, मागे झांजा आणि ढोल. पुढे पोरं. गेल्या हंगामात मी एका ओळखीच्या बँडमास्तरांना विचारलं, ‘मास्तर, एखादं गाणं चाललं हे तुम्हाला कधी कळतं?’

ते म्हणाले, ‘भाऊ, पहिल्या लग्नात फर्माईश येते, आम्ही नाही म्हणतो. दुसऱ्या लग्नात येते, पोरं कॅसिओवाल्याजवळ मोबाइल धरून ऐकवतात. तिसऱ्या लग्नात ते बसवलेलं नसलं ना, तर वरात जागची हलत नाही.’

‘आणि उतरलं हे कधी कळतं?’

‘जेव्हा नवरदेवाचा काका सांगतो तेव्हा.’

मी हसलो, पण त्यांना तसंच म्हणायचं होतं. काकांच्या तोंडी आलं म्हणजे पोरांनी सोडलं. मग त्यांनी खिशातून एक मळकी डायरी काढून दाखवली. तारीख, गाव, नवरदेवाचं नाव, ठरलेले पैसे, आणि समासात गाण्यांची अर्धीमुर्धी नावं. मराठी, हिंदी, अहिराणी, काही पावरी सुरावटींवरची आदिवासी गाणी, कारण नंदुरबारकडचंही काम ते घेतात. मी ती डायरी हातात घेतली आणि बराच वेळ पानं उलटत राहिलो. पहिल्या पानावरची दोन गाणी मधल्या पानांत गायब होती. एक नाव चैत्रात एकदाच होतं आणि जेठात पानोपानी होतं. एका गाण्याचं वर जाणं आणि उतरणं इतक्या स्वच्छपणे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

मार्च २०२५ मध्ये ग्रीन डे पहिल्यांदा भारतात वाजवून गेले, मुंबईला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर. मी गेलो होतो. रात्रीची गाडी पकडून सकाळी दादरला उतरलो. ‘बास्केट केस’ सुरू झालं तेव्हा पन्नाशीच्या आसपासचा आर्मस्ट्राँग गातही नव्हता, मैदानच गात होतं. माझ्या शेजारी विशीतली मुलगी होती. हे गाणं आलं तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता, आणि तिला ते शेवटच्या अक्षरापर्यंत येत होतं. ज्या यादीत हे गाणं कधी आलं नाही तिच्यात त्या आठवड्यात पहिलं कोण होतं, हे त्या गर्दीत कितीजणांना सांगता आलं असतं? मला नव्हतं सांगता आलं.

परतीच्या प्रवासात मी मास्तरांच्या डायरीचाच विचार करत होतो. बहिणाबाईंच्या ओव्या वाचल्या त्या मुलाने वेळेवर उतरून ठेवल्या म्हणून. ज्या विद्यापीठाला तिचं नाव आहे त्याने आता हे काम हातात घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या बँडवाल्यांच्या डायऱ्या गोळा कराव्यात, त्यांची छायाचित्रं काढून ठेवावीत. कॅसेट भरणाऱ्या दुकानदारांपैकी जे हयात आहेत त्यांना बसवून बोलतं करावं, कोणाच्या माळ्यावर एखादी जुनी वही उरली असेल तर ती मागून घ्यावी. घरच्या खोलीत गाद्या लावून स्टुडिओ करणाऱ्या मुलांची मूळ रेकॉर्डिंग साठवावीत, कारण चॅनेल बंद पडलं की ती जातील. आणि दर वर्षी तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत, मराठीच्या दोन विद्यार्थ्यांना वही देऊन वरातींमागे पाठवावं. मास्तर तयार आहेत. त्यांची यंदाची डायरी मी मागून ठेवली आहे.